दिवसाउजेडी डोंगराची गोष्ट

दिल्लीत सरोजिनी नगर मेट्रोच्या तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे जव्हारहून आलेला एक मामा आणि त्याची इथे पीएचडी करणारी भाची होती. मराठी कुणाला कळत नाही, अशा खात्रीने दोघं मोठ्याने बोलत होती.

"मामा, अकराला चर्चासत्र. मी कवितेवर बोलणार, मग तू आपल्या डोंगराची गोष्ट सांगायची."

"कवितेत डोंगर आहे ना? मग गोष्ट कशाला?"

"कवीने अर्धीच घेतलीये. डोंगर गावाकडे पाठ करून का बसला, ते तुलाच माहितीये."

"सांगेन की. दिवस मावळल्यावर."

"अरे, अकराला!"

"दिवसा गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो."

"तिथे चाळीस प्राध्यापक असणार, यार."

"म्हणजे चाळीस मामा. त्यांची वयं काय असतील, विचार कर."

"सर म्हणतात, गोष्टीला पुरावा नाही. आज तू गप्प बसलास तर माझ्या प्रबंधातलं अख्खं प्रकरण काढून टाकतील."

"मग तूच सांग. लहानपणी दहादा ऐकलीस."

"शेवट यायच्या आत मला झोप लागायची."

"आणि हिला डॉक्टर करतायत!"

"मामा, प्लीज."

"बरं, सांगतो. पण तूही ऐकणार ना?"

"अर्थात."

"म्हणजे वाट मी चुकणार. गावापर्यंत सोडायला तुला यावं लागेल."

"आत्ता कशी येऊ? तिकीट तरी मिळेल का?"

"रविवारची दोन काढूनच निघालो होतो."