महिपतचे पाय

नाई म्हनजे नाई, बाई. कितीबी खेपा इचारा — तो धावनार नाई. बसा, बसा, उभ्यानं काय भांडता, मी बी बसूनच भांडते. हे पानी घ्या आधी. घ्या वो, बोरिंगचं हाये, आमच्याच बौद्धवाड्यातलं. जरासं लोखंडावानी लागते, दाळ शिजाले टाइम घेते, पन निर्मळ हाये. तामसीपावतर मोटारीत अन् तिथून पाई आल्या म्हनता? ह्या उन्हाच्या? डोक्शावर पदर तरी घ्यायचा! अन् कशापाई, तर महिपतनं पुन्ना धावलं पाह्यजे म्हनून. अवं, मास्तर झाला तो आता. केस पिकून राह्यले कानाजवळ. बडीत पोरं त्याले सर म्हनतेत — बडी म्हनजे शाळा, तुमाले मालूमच असन, तेलगू मुलुखात राहून आमी बी बडीच म्हनाले लागलो. तो यायच्या आत तुमी आपल्या निघा. नाराज नोका होऊ, पन निघा.

अन् ते बनियन पिशवीत टाका बरं आधी. टाका म्हनते ना! कशी हौसेनं उघडून दाखवली तुमी — पांढरंशिपट, नवंकोरं, अन् छातीवर ते चित्र. पान्यात बुडवलेला पाय अन् पायातून निघालेला तो दोरा. मले अक्षर येत नाई बाई, पन ते चित्र मले वाचता येते. नारू होय तो. तुमी चित्रातच पाह्यला असन, तुमचं वय काय! आमी घरोघरी पाह्यला. पायावर फोड यायचा, निखारा ठेवल्यावानी आग व्हायची, अन् फोड फुटला का आतून सुतासारखा पांढरा किडा डोकं काढायचा. काडीले गुंडाळायचा अन् रोज इवलासा ओढायचा. घाई केली अन् तुटला तर पाय सडला समजा. माह्या घरधन्याले झालता, जावेले झालता, मले तर ह्या पोटरीत — हे पाहा, वन हाये अजून. आता जिल्ह्यातून नारू गेला, त्याचा आनंद म्हनून तुमची संस्था पोरं धाववून राह्यली, अन् सगळ्यात म्होरं माहा महिपत पाह्यजे, कामून का बोरिंगसाठी पोरं धावले त्या साली तोच धावलता. समजलं मले सगळं. चांगलं काम हाये तुमचं, मी कुठं वाईट म्हनते? पन ते चित्र छातीवर लावून माहा लेक धावनार नाई. दुसरं कोनतं चित्र नाई का तुमच्यापाशी? घागरीचं? बोरिंगचं?

काऊन म्हनता? — आता काऊन म्हनजे काय सांगू. जाऊ द्या. पानी प्या.

तुमी आल्या तवा वरच्या गावातून आल्या ना? मारुतीच्या पाराजवळ एक इहीर दिसली असन, सिमिटचा कठडा बांधलेली. तिले पायऱ्या होत्या पह्यले, पार पान्यापावतर. काळ्या दगडाच्या, गुळगुळीत. ते पानी वरच्या गावाचं. गोड होतं, नारूचं नाव नवतं त्यात. अन् आमचं पानी म्हनजे नाल्यातला झिरा, वाळू उकरून केलेला खड्डा. त्यात उतरायचं, तिथंच पाय, तिथंच घागर. सगळा नारू आमच्याच वाड्यात काऊन, असं आमी म्हनायचो, अन् वरचे म्हनायचे तुमची करनी. उन्हाळ्यात झिरा आटला का इहिरीच्या काठावर घागरी मांडून बसायचं. पायऱ्या उतरायच्या नाईत. वरच्या बायांचं भरून झालं का त्या आमच्या घागरीत वरून ओतायच्या. दिलं तर दिलं. माह्या सासूनं तसंच भरलं, मी तसंच भरलं. भांडन नाई, तंटा नाई — रीतच होती मेली. आता पाहा, त्याच घरच्या सुना आमच्या वाड्यात येतेत बोरिंगवर, माह्यासंग गोष्टी करतेत, लाइनीत उभ्या राहतेत. दिवस फिरतेत, बाई.

त्या साली तुमच्याच संस्थेचे कोनी आलते. म्हने, गुडीहत्नूरून आदिलाबादपावतर पोरं धावतीन, लोकं त्यांच्या नावानं पैसा देतीन, अन् त्या पैशात ज्या गावाले पाह्यजे तिथं बोरिंग. मी म्हनलं, हे काय नवं खूळ? मानूस धावला का जमिनीतून पानी निघते? मंग तर हरनाच्या रानात समुद्र पाह्यजे होता! महिपत हासला. म्हने, आई, नुसतं मांगलं तर कोनी देत नाई, धावून दाखवलं का देतेत. दहावी झालता तवा, मोकळाच होता, अन् पाय असे का बैलाच्या गाडीम्होरं पळायचा. मंग घरोघरी गेला. आमच्या वाड्यातून कोनाजवळ पैसा? कोनी जवारी दिली, कोनी अंडे. वरच्या गावातबी गेला. पांडुरंगराव पाटलानं कापसाचं गाठोडं देल्लं — देल्लं म्हनजे त्याच्या सुनेनं द्याले लावलं. ताराबाई तिचं नाव. नव्या लग्नाची पोरगी, पन जीभ अशी का सासऱ्याचीबी तिच्याम्होरं बोलाची छाती नाई होयची. महिपतले भाऊ म्हने. ते असं उगं वरवरचं नाई, राखी पाठवे.

होळी झाली अन् पोरं धावले. बूट कोनाचे तरी मांगून आनलते, अंगठ्याजवळ आवळ. जायच्या आधीच म्हने, आई, टाचीले आग होऊन राह्यली. फोड आलता, पान्यानं भरलेला. मी म्हनलं बूट चावला. तोबी म्हने बूट चावला. आदिलाबादले पह्यला नाई आला तो, पार मांगून आला लंगडत — पन आला, बाई! अर्धे पोरं रस्त्यातच बसले झाडाखाली. भोंग्यावर आमच्या गावाचं नाव घेतलं. आमच्या गावाचं नाव भोंग्यावर! अन् बोरिंग मंजूर झालं.

तिसऱ्या पहारी तो मोटारीतून उतरला तवा सगळं गाव शिवेवर. वरच्या गावची एक रीत होती, कोनी गावासाठी मोठं काम करून आला तर त्याले इहिरीच्या खालच्या पायरीवर बसवायचं अन् सुनांनी त्याचे पाय धुवायचे. पैलवान कुस्ती मारून आलता तवा त्याचे धुतलते. कोनी म्हने, महिपतचे शिवेवरच धुवा, तांब्या आना. तवा ती ताराबाई म्होरं आली. म्हने, रीत होय तर रीतीनं करा, नाईतर करूच नोका. अन् धरला महिपतचा हात. मानसं एकमेकाच्या तोंडाकडं पाहत राह्यले. पांडुरंगरावनं वाट सोडली. अन् माहा लेक त्या पायऱ्या उतरला, बाई. मी काठावर उभी होती, जिथं जनम गेला घागर घेऊन तिथंच. हलगी वाजत होती. तो खाली बसला, तिनं बूट काढले, त्यानं दोन्ही पाय घोट्यापावतर पान्यात सोडले, अन् फोड फुटला. तिनं आपल्या हातानं तो पाय धुतला. पदरानं पुसला. तो वर पाहून म्हने, आई, कसं थंडगार वाटून राह्यलं वो! मी लय रडली त्या दिवशी. सुखानं रडली. तसा दिवस माह्या मायबापानं पाह्यला नाई, अन् माह्या कुडीत जीव हाये तवर तोच एक दिवस हाये माह्यापाशी.

मंग चार दिवसानं टाचीतून दोरा निघाला. नारूच होता तो, बूट नवता. आमाले काय त्याचं नवल! गुंडाळला काडीले, निघून गेला.

अन् दुसऱ्या साली, होळीच्याच सुमाराले, वरच्या गावात नारू निघाला. ह्या घरात, त्या घरात. कोनी म्हने देवीचा कोप, कोनी म्हने सोयरे आलते पलीकडून त्यांनी आनला. ताराबाईच्या गुडघ्यात निघाला. घरात कोनाले ठाव नवतं त्याचं, ओढला कोनीतरी घाईनं, तुटला. पाय असा सुजला का कातडी चमके. बैलगाडीत घालून आदिलाबादले नेली. — नाई. नाई वाचली. आमचा महिपत त्या गाडीमांगं चालत गेलता, अन् चालतच परत आला. दोन दिवस जेवला नाई. बूट त्या खुंटीले टांगले ते आजपावतर तिथंच. तुमी म्हनता धाव. कसा धावन तो? बहीनच गेली त्याची.

त्याच्यामांगून दवाखान्याची गाडी आली गावात, इहिरीच्या पायऱ्या बुजवाले. डॉक्टर तेलगू बोलनारा, लय चांगल्या सोभावाचा. आमा बायांले बसवून सांगे. नारूचा पाय पान्यात बुडाला का फोड फुटते, पिल्लं पान्यात सांडतेत, ते पानी जो पिते त्याले बरोबर वर्सानं नारू निघते. तुमचंच हे चित्र होतं त्याच्या हातात. पाय, अन् दोरा. सगळ्या बाया हो हो म्हनत होत्या. अन् मी, बाई — मी मनातल्या मनात होळीपासून होळीपावतर मोजलं. अन् मले समजलं. त्या बायातून एकटीले मलेच समजलं. ज्या पोरीनं रीतीनं पाय धुतले, तिलेच... त्या पोराचा काय गुन्हा सांगा? तिचा काय गुन्हा? पायऱ्या उतरू देल्ल्या, ते बी चुकलं का? एवढ्या वर्सात एक खेप कोनी आमाले मानूस म्हनलं, अन् त्याचं असं व्हावं!

बोलली, पाहा. बोलायचं नवतं. तुमी पोरी, पान्याचा गिलास हातात धरून असं पाहत राहता अन् मानूस बोलून जाते. आजपावतर कोनाले नाई सांगतलं. घरधनी गेला, त्यालेबी नाई. वरच्या गावाले समजलं असतं तर आमचं काय झालं असतं ते सोडा, मले त्याचं भ्या नाई. भ्या ह्याचं हाये का महिपतले समजन. त्याचा तोच एक दिवस हाये, पोरी. दरसाल होळीले जेवनं झाले का मी इचारते, सांग रे बापू, त्या दिवशीचं. अन् तो सांगते. हलगी सांगते, भोंगा सांगते, पायऱ्या कशा थंड होत्या ते सांगते. पाय धुतल्याचं तेवढं सांगत नाई, लाजते. तिथं आला का उठते, म्हने झोप आली. शिकलेला हाये, पन भोळा हाये. उन्हाळा लागला का धोतराचे फडके घेऊन गावोगाव फिरते, बायांले म्हनते पानी गाळून प्या, इहिरीत पाय नोका घालू. अर्धा पगार त्या फडक्यात जाते. मी म्हनते, अरे, नारू गेला आता, बस कर. तर ऐकत नाई. असा त्याचा सोभाव. पन हे त्याच्या ध्यानात आलं नाई कवा, अन् येऊबी नाई. झाकली मूठ हाये, झाकलीच राहू द्या. तुमी त्याले बनियन देसान, तो चित्राकडं पाहीन, अन् एखांद्या टायमाले जुळलं डोक्शात तर? मी हात जोडते तुमाले. सांगा तुमच्या सायबाले, महिपत घरी नवता भेटला. दुसऱ्याले धाववा. लय पोरं हायेत —

कोन हाये? दारात कोन — महिपत? अवं माय. बडी लवकर सुटली का रे आज? सायकलीचा आवाज नाई आला. ह्या... ह्या बाई आपल्या पान्यासाठी थांबल्या होत्या, चालल्याच आता. कवापासून उभा हायेस? इकडं ये, उन्हात नोको उभा राहू.

ते काऊन उचलतोस? ठेव ते. ठेव म्हनते ना, बापू, तुह्या कामाचं नाई ते बनियन.

काय?

काय म्हनतोस तू? तुले मालूम होतं? कवापासून? ताराबाई गेली तवापासून? आदिलाबादले दवाखान्यात समजलं, अन् ते मनात घेऊन चालत परत आलास?

अरे मंग... मंग दरसाल होळीले सांगत काऊन होतास रे मले? ती हलगी, त्या पायऱ्या — काऊन सांगत होतास?

...

मले ऐकाले आवडते म्हनून.

बाई, तुमी जा आता. नाई, गिलास राहू द्या तिथंच. बनियन बी राहू द्या, त्याच्या हातात हाये. तामसीची मोटार भेटन तुमाले. जा. दार तेवढं लोटून घ्या.