मागून आलेला पुढे

टेलरबाईंचं दुखणं दाढेत होतं, कान मात्र ठणठणीत होते. दातांच्या दवाखान्यात समोरच्या बाकावर आजोबा आणि नात पत्ते मांडून बसले होते. जो हरेल त्यानं आधी आत जायचं, अशी पैज होती आणि आतून यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"माझा राक्षस तुमच्या किल्ल्यावर धावला!"

"थांब. हा घे धुक्याचा पत्ता. राक्षस वाट चुकला."

"चुकतोय कसला! त्यावर माझा वारा. धुकं उडालं."

"अगं, पण धुकं मी आधी टाकलं. आधी माझं होऊ दे की!"

"नाही हं आजोबा. शेवटी टाकलेला पत्ता आधी चालतो. म्हणून आधी वारा. मग धुकं, पण ते उरलंच नाही. मग राक्षस. किल्ला खलास!"

"हा कुठला न्याय? उभा जन्म तिकिटाच्या खिडकीवर गेला माझा. मागून आलेल्याला कधी पुढे घुसू दिलं नाही."

"इथे खिडकी नाही. वाऱ्यावर टाकायला आहे का काही?"

"बघतो ना. घाई काय आहे?"

"काही नाहीये. मी मघाशीच वाकून पाहिलंय."

"चोरटी कुठली!"

"असू दे. उठा आता."

तेवढ्यात दार उघडलं. "चला, कोण येतंय आत?" नर्सनं विचारलं.

आजोबांनी घसा खाकरला आणि मोठ्या अदबीनं टेलरबाईंकडे वळून ते म्हणाले,

"ताई, तुम्ही आमच्या मागून आलात ना? मग आधी तुम्ही. नियम म्हणजे नियम."