जिन्यावरचा कोपरा

माझं माहेर चोरखमाऱ्याकडचं, चार वर्ग शिकली, मग धानाची बांधी अन् चिखल, लग्न होऊन मुर्रीले आली तर इथंही तेच, वरून नवरा गवंडी, म्हणून डोक्यावर घमेलंही आलं. काय सांगू तुम्हाले, जो बंगला पाहायले तुम्ही आले त्याचा माल याच डोक्यावरून गेला.

शेठनं नागपूरचा आर्किटेक्ट आणला होता, तो म्हणे भिंतीले प्लास्टर नाही, रंग नाही. माझा नवरा म्हणे साहेब, लोक म्हणतील गवंडी पळून गेला. लोक हसलेच, अर्धवट बंगला म्हणत, अजूनही म्हणतात. पण हात लावून पाहा, काँक्रीट ओतताना लावलेल्या फळ्यांच्या रेषा उमटल्या आहेत, लाकडाच्या गाठीसुद्धा. खिडक्या दोन वीत उंचीवर, खाली बसून भाजी निवडता निवडता अंगण दिसते. मधातला कडुनिंब साहेबानं तोडू दिला नाही, स्लॅबले गोल भोक ठेवलं. मी म्हटलं हा येडा आहे. पुढं इथंच झाडूपोछ्याले लागली, उन्हाळ्यात त्या सावलीत बसली, तेव्हा समजलं कोण येडं.

नव्या स्लॅबवर एकवीस दिवस पाणी ठेवायचं होतं, नाही तर सिमेंट कच्चं राहते. पाणी अडवायले मी बांधीसारखे मातीचे पक्के धुरे घातले. साहेब म्हणे, बाई, धान लावता काय इथं? तेवढ्यात माहेरी उन्हाळी धानाची रोवणी लागली, भाऊ न्यायले आला. जिन्यावरच्या कोपऱ्याचा धुरा फुटलेला मी पाहिला होता. म्हटलं, आल्यावर पाहू. तीन दिवसांनी आली तर कोपरा वाळून पांढरा पडलेला. पाणी भरलं अन् तोंड बंद ठेवलं. नवरा गेला, त्यालेही सांगितलं नाही.

आता शेठच्या नातवाले हा बंगला पाडून काचेचा तीन मजली बांधायचा आहे, अन् त्याच्या मायले हाच ठेवायचा आहे. इंजिनिअर म्हणे, स्लॅबवर तीन दिवस पाणी भरा, गळलं तर पाडा. धुरे मीच घातले, सत्तरी झाली तरी. कालपासून छताकडे मान वर करून फिरून राहिली.

आज सकाळी शेठच्या नातवाले सगळं सांगून टाकलं. तो म्हणे, आजी, इतकी वर्षं काऊन नाही सांगितलं? मी म्हटलं, कोणी विचारलं होतं काय? त्यानं शिडी लावून त्या कोपऱ्याले खडूनं गोल केला. मी म्हटलं, बाबू, गळलं तर गोलाच्या आतच गळंल, तेवढंच फोडून पुन्हा भर, ती माझी चूक आहे. बाकीचं चूक नाही.

उद्या इंजिनिअर येईल. तुम्ही तरुण आहा, तुमचे डोळे चांगले, जरा पाहून सांगा, गोलाच्या बाहेर कोरडंच आहे ना?