आज नाव नाही विचारलंस?

...आणि वर पेशंटची माणसं मलाच विचारतात, मावशी, तुमच्या सिस्टर हल्ली हसत का नाहीत? आता काय सांगायचं यांना? अहो, हसायला तोंड उघडावं लागतं, आणि या बाईनं सकाळपासून पाण्याच्या घोटासाठीसुद्धा उघडलेलं नसतं! तुम्हाला सांगते, बावीस वर्षं झाली मला या वॉर्डात लादी पुसून, बेडपॅन उचलून, किती सिस्टर आल्या नि गेल्या, पण असली चिवट बाई मी पाहिली नाही. एकतीस पेशंट आणि ही एकटी. म्हणजे कागदावर दुसरी आहे हं, चष्मेवाली, ड्यूटीच्या तक्त्यावर नाव आहे तिचं, पण ती स्वतः आठ महिन्यांपूर्वीच नोकरी सोडून गेली. मेट्रनबाई म्हणतात, "जागा भरतोय, भरतोय," आणि तोवर दोघींचं काम एकीनं ओढायचं.

मग तोंड उघडतं कधी? औषध देताना. "नाव काय तुमचं?" प्रत्येकाला, प्रत्येक वेळी. गोळी असो, सुई असो, आधी नाव विचारणार, मग मनगटावरची पट्टी वाचणार, मगच हात लावणार. बारा नंबरच्या कॉटवर एक आजोबा होते, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली, स्वभावानं अगदी तिरसट. ते चिडायचे, "अगं बाई, एकोणीस दिवस झाले, नाव तेच आहे, बदललं की कळवीन तुला." ही आपली शांतपणे, "बरं आजोबा. नाव काय तुमचं?" इतकं अंगवळणी पडलेलं की घरी सासूला रक्तदाबाची गोळी देतानाही तोंडातून तेच गेलं. सासू म्हणे, "लग्नाला चौदा वर्षं झाली, आता विचारतेस होय गं?" हे मला चहा पिताना सांगितलं तिनं, मी पोट धरून हसले, आणि ती नुसती कपाकडे बघत बसली.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. पूर्वी पेशंट गेला की ही चादरींच्या खोलीत जाऊन रडायची, डोळे पुसून बाहेर यायची. वर्षभरात रडली नाही. चादर बदलते, पुढच्या कॉटकडे जाते. त्या रडण्याची मला कधी काळजी वाटली नाही हो, या न रडण्याची वाटते.

तर त्या दिवशी सकाळी सातला आलेली ही संध्याकाळी सातलाही वॉर्डातच, कारण संध्याकाळच्या सिस्टरला दुसऱ्या वॉर्डात पाठवलेलं. आणि दुपारी काय झालेलं, तर अकरा नंबरवरचा ट्रक ड्रायव्हर, शुगरवाला, त्याचा जीव घुसमटायला लागला, त्याला हवी खिडकी. खिडकी आजोबांच्या बारा नंबरला. ड्रायव्हरचा मेहुणा आणि आजोबांची सून, दोघांनी ठरवलं नि अदलाबदल केली. माणुसकीच केली, त्यांचं काय चुकलं? माणसं हलली, कॉटला लटकवलेले कागद तिथेच राहिले. चादरी कुणी बदलून दिल्या? मी. सिस्टरला सांगितलं का? नाही सांगितलं... म्हटलं, ती दमलीय, कशाला आणखी डोक्याला ताप.

सात वाजता इन्सुलिनची सुई भरून ही आली. अकरा नंबर, शुगर, कागद बरोबर. माणूस चूक. आजोबांना शुगर नाहीच, वर उद्याच्या तपासणीसाठी दुपारपासून पोट रिकामं. ती सुई गेली असती तर म्हातारा तासाभरात गार पडला असता. हिनं तोंडाकडे न बघताच बाही वर केली, स्पिरिटचा बोळा फिरवला, सुई टेकणार, तेवढ्यात म्हाताऱ्यानं डोळे किलकिले केले.

"काय गं, आज नाव नाही विचारलंस?"

तुम्हाला सांगते, हिनं सुई तशीच ट्रेमध्ये परत ठेवली. पट्टी वाचली, पुन्हा वाचली, मग तिथेच कॉटच्या कडेला बसली. आणि म्हातारा, एकोणीस दिवस करवादणारा म्हातारा, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "विचार आता. सांगतो की."

कुणाला कळलं नसतं. पण हिनं स्वतः रजिस्टरात लिहिलं, मी नाव विचारलं नाही, चूक माझी. चादरीवालीचा त्यात उल्लेख नाही. मी म्हटलं, अहो, माझंही लिहा की. तर म्हणाली, "विचारायचं मी होतं, मावशी."

मेट्रनबाईंनी बोलावलं. "काही झालं नाही ना? मग लिहिलंत कशाला? लिहिलं म्हणजे आता झालंच ना ते." बरं, माणूस वाढवला का? छे. प्रशिक्षण ठेवलं, दोन तासांचं, आणि तेही हिच्या आठवड्याच्या एकुलत्या एक सुट्टीच्या दिवशी. एक टायवाले साहेब आले, भिंतीवर चित्रं दाखवून समजावलं, औषध देण्याआधी पेशंटला काय विचारायचं? नाव विचारायचं. ही पहिल्या रांगेत, मान डोलावतेय. शेवटी टाळ्या, नि प्रत्येकीच्या हातात सर्टिफिकेट.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर तिनं ते मला दाखवलं. मला वाचता येतं तेवढं. सर्टिफिकेटवर नाव चष्मेवालीचं. ड्यूटीच्या तक्त्यावरून उतरवलेलं असणार. दोन तास नाव विचारा, नाव विचारा म्हणून सांगणाऱ्यानं हातात कागद देताना हिला काही विचारलं नाही, नाव काय तुमचं म्हणून. मी म्हटलं, अहो, बदलून आणा की.

तिनं ते घडी करून खणात टाकलं, औषधांचा ट्रे उचलला नि म्हणाली, "राहू दे मावशी. काम तिचंही मीच करते, सर्टिफिकेट तेवढं तिच्या नावानं असू दे."