माझी कॉट आणि फुकटचे पाहुणे

सूनबाईला हल्ली परदेशी पाहुणे घरी फुकट ठेवायचं खूळ लागलंय. गेल्या महिन्यात एक जर्मन आला, तर माझी कॉट त्याला आणि मी फरशीवर! गुडघे बोंबलायला लागले. म्हटलं, याला असा राबवतो की उद्याच पळेल. गव्हाचा डबा हातात देऊन गिरणीत पाठवला.

गाढवानं कुणाच्या तरी बाजरीच्या पाठोपाठ आमचे गहू दळून आणले. असं करू नये, हे कसब्यात शेंबड्या पोरालाही कळतं. पोळ्या काळपट झाल्या. मी तोंडाला येईल ते बोललो, तर हा हसतोय.

"काय म्हणतोय गं हा?"

"अप्पा, तो म्हणतो, हॉटेलात सगळे नुसतं गोड बोलतात. घरच्यासारखं इथंच कुणीतरी झापलं. अजून चार दिवस राहतो म्हणतोय."

राहिला! वर मोबाईलवर सगळं लिहून गेला. ते वाचून काल एक बाई आली. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट डब्याला हात.

सूनबाई म्हणाली, "अप्पा, दळण नीट आणलं तरी जरा ओरडा हं."

मी ओरडलो, "आधी माझी कॉट द्या!"

बाईनं टाळ्या वाजवल्या.