आमच्या गल्लीचा अभ्यास

...नाही, मी म्हणतो, एकेरी करा ना! जरूर करा! चारशे वर्षांची गल्ली, दोन जाडी माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं एवढी तिची रुंदी, त्यात दोन्हीकडून टेम्पो घुसायचे, मान्य! पण एकेरी कुठल्या बाजूने करायची हे गल्लीतल्या एका तरी माणसाला विचाराल की नाही? तुम्हाला सांगतो, माझं सोफे दुरुस्तीचं दुकान गल्लीच्या बरोब्बर मधोमध, हमरस्ता या टोकाला, आणि गाड्यांना आत शिरायची परवानगी त्या टोकाने! म्हणजे अख्ख्या जुन्या भागाला वळसा घाला, घंटाघर, बाजार, पाण्याची टाकी, आणि मग मागच्या दगडी कमानीतून आत, तिथे आरसे मिटायचे, श्वास रोखायचा, पोट आत घ्यायचं... टेम्पोचं नाही, माझं! नगरपालिकेत ज्यांनी हा नकाशा काढला त्या साहेबांना मी म्हटलं, "साहेब, दिशा उलटी केली असती तर?" त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, "काका, अभ्यास झालाय."

बरं, झालाय तर झालाय! पण दारात गाडी थांबवायला मुदत किती? तीन मिनिटं! अहो, तीन मिनिटांत सोफा कुठल्या बाजूने उचलायचा हे सुद्धा ठरत नाही! मग पहिल्या फेरीला सोफा चढवला, की हवालदाराची शिट्टी, की पळा, घंटाघर, बाजार, टाकी, कमान, दुसऱ्या फेरीला गाद्या, परत शिट्टी, तिसऱ्या फेरीला स्वतः गिऱ्हाईक, कारण ती माउली टेम्पोत बसायचं सोडून माझ्या दुकानात पडद्याचे रंग बघत बसलेली! शेजारचा कपाटवाला, समोरचा लाँड्रीवाला, पलीकडचा छापखानेवाला, सगळे असेच गरागरा फिरतायत. आणि कमानीखाली स्टुलावर एक बाई, हातात ते मोजायचं यंत्र. गाडी गेली, टक्! सातव्या फेरीला मी हात जोडले, "बाई, मीच हो मघाचा!" तर त्या म्हणतात, "मला गाड्या मोजायला सांगितल्यात, माणसं नाही." टक्!

झालं! दोन महिन्यांनी कागद हातात. गल्लीत गाड्यांची प्रचंड वर्दळ आहे, सबब डाव्या बाजूचे आठ फूट कापून गल्ली रुंद करण्यात येईल. डाव्या बाजूला कोण? मी! माझं दुकान खोल किती? नऊ फूट! उरलं किती? एका फुटात सोफ्याचा हात सुद्धा मावत नाही हो! थट्टा करतोय आत्ता, पण खोटं कशाला सांगू, त्या दिवशी घास उतरला नाही माझा. वडिलांनी त्याच नऊ फुटांत मला सुई धरायला शिकवली, आणि हे म्हणतात आठ द्या. गेलो धावत. "साहेब, ती वर्दळ म्हणजे आम्हीच! तुम्ही फिरवलंत म्हणून फिरलो!" साहेबांनी पेन्सिल कानावरून काढली. "काका, अभ्यास झालाय. पण तुमची हरकत असेल तर गुरुवारी पुन्हा मोजू."

बुधवारी सगळी गल्ली माझ्या दुकानात, लोकांच्या अर्ध्या उसवलेल्या सोफ्यांवर बसून सभा! मी उभा राहिलो, काय बोललो म्हणता! "उद्या एकही गाडी हलणार नाही! एकही चाक फिरणार नाही!" टाळ्या! आणि आतून आमची ही, हातात दाभण, हळूच म्हणते, "अहो, एकही नाही? चार-पाच तरी सोडा की. बरं दिसतं." मी म्हटलं, "तुला यातलं काय कळतं?" हे वाक्य, तुम्हाला सांगतो, लग्न झालेल्या माणसाने तोंडातून काढूच नये.

गुरुवार. लाँड्रीवाल्याने चादरी डोक्यावर नेल्या. छापखानेवाल्याने टेम्पोची चावी बायकोकडे ठेवायला दिली, स्वतःचा भरवसा नाही म्हणून! मोजणीच्या बाई सकाळपासून स्टुलावर, टक् नाही की टुक् नाही. दुपारी कंटाळून माझ्या सोफ्यावर येऊन डुलक्या काढायला लागल्या. संध्याकाळी यंत्रावर आकडा... शून्य! आम्ही कपाटवाल्याला खांद्यावर घेऊन नाचलो हो!

आणि जिंकलो! दुकान वाचलं! तसा कागदच आला, रुंदीकरण रद्द. मी मोठ्याने वाचतोय, लोक पेढे आणायला निघालेत, आणि ही म्हणते, "पान उलटा." उलटलं. 'सदर गल्लीत वाहनांची कोणतीही गरज नसल्याचे आढळून आल्याने ती वाहनांसाठी कायमची बंद करण्यात येत आहे.' सोमवारी दोन्ही तोंडांना लोखंडी खांब! मी साहेबांपुढे अक्षरशः रडकुंडीला आलो, ते पेन्सिलीला टोक काढत म्हणाले... म्हणा, तुम्हीच म्हणा आता! अभ्यास झालाय!

तर हल्ली सोफा मी खांद्यावरून नेतो. पुढे मी, मागे ही. दुकानापासून हमरस्त्यापर्यंत दोनशे सत्तर पावलं, आणि दर वीस पावलांना मागून आवाज, "मला काय कळतं यातलं!" म्हटलं, निदान एक हातगाडी तरी द्या, तर साहेब म्हणतात, हातगाडीला चाकं असतात. पटलं मला! वर आता जुना भाग बघायला पाहुणे यायला लागलेत, गळ्यात कॅमेरे, हातात पाण्याच्या बाटल्या. साहेबांनी हमरस्त्याच्या तोंडाशी मोठा बोर्ड लावलाय, त्यावर फोटो कुणाचा? माझा! सोफ्यासकट! खाली अक्षरं, 'शेकडो वर्षांची पारंपरिक मालवाहतूक'. अहो, कसली शेकडो, पाच महिने झाले!

परवा तर कहर. डावा खांदा असा भरून आलेला, सोसवेना, म्हणून सोफा घेतला उजव्यावर, चार पावलं गेलो नाही तोच पाहुण्यांच्या घोळक्यातून एक आजोबा पुढे आले, बोर्डाकडे बोट दाखवून मला म्हणाले, "अहो, असं नाही... फोटोत डाव्या खांद्यावर आहे." मी हिच्याकडे बघितलं, हिने माझ्याकडे बघितलं...

घेतला डाव्यावर.