शेवग्याकडचा उतार

अहो, चेंडू भोकात घालायला मन कशाला लागतं, मला सांगा! पण नाही... तुम्हाला सांगतो, अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट, आमच्या बोईसरच्या कारखान्यातला बळवंत, आठ वर्षं पाळ्यांत फिरतोय, सुट्टी पडते तीही आडवारी, बायको नलू पालघरच्या शाळेत बाई, ती निघते तेव्हा हा झोपलेला, ती परतते तेव्हा हा बसच्या रांगेत, सगळा संसार चिठ्ठ्यांवर! 'भाजी झाकलीय.' 'बरं.' ह्याला काय संसार म्हणायचं? म्हणून त्यानं साहेबांकडे कायमची दिवसपाळी मागितली, तर साहेब म्हणतात कसे, "तू कँटीनमध्ये कॅरम छान खेळतोस. रविवारी गोल्फला माझा जोडीदार हो. शेजारच्या कंपनीला हरवलं की दिवसपाळी तुझी. फक्त डोकं शांत ठेवायचं!"

गोल्फ! बळवंतनं जन्मात काठी धरली ती साप मारायला.

आठवडाभर कॉलनीमागच्या मैदानात शिकवणी. भोकाभोवती गालिच्यासारखं कापलेलं गवत, त्याला म्हणे ग्रीन, आणि ते म्हणे वाचायचं! साहेब पालथे पडून, एक डोळा मिटून वाचतायत, शेजारी बळवंत पालथा.

"उतार दिसला?"

"दिसला, साहेब."

"कुठे?"

"...तुम्ही म्हणाल तिथं."

"डोकं शांत नाही तुझं!"

अहो, कसं असेल?

साहेब गेले, तशी गवताला पाणी घालणारी बुधी, जवळच्या पाड्यावरची, पाइप हातात धरूनच म्हणाली, "निजून काय बगता, भाऊ? आमी रोज पानी सोडतो, ते सगलं त्या शेवग्याकडं जातं. तुमचा बॉल काय येगला हाय?" बळवंतनं शेवग्यापासून लांब, समुद्राच्या अंगाला मारून पाहिलं, तर चेंडू वळून थेट भोकात! सहा वेळा मारला, सहा वेळा!

आला रविवार. दोन्ही कंपन्या बरोबरीत, शेवटचा टोला बळवंतचा, भोक पाच हातांवर. साहेब पालथे पडले, उठले, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उतार समुद्राकडे आहे. शेवग्याकडे मार!" पलीकडं बुधी जोरजोरात मान हलवतेय, नाय, नाय! आणि कुंपणाशी नलू... तुम्हाला सांगतो, किती महिन्यांनी त्यानं बायको उन्हात पाहिली! केसांत दोन पांढरे दिसले. हे कधी झाले? आता बुधीचं ऐकावं तर परक्या कंपनीसमोर साहेब खोटे पडतात, साहेबांचं ऐकावं तर चेंडू जातो शेवग्याला... आणि डोकं म्हणे शांत ठेवायचं!

बळवंतनं मारला मधोमध. कुणालाच दुखवायला नको!

चेंडू निघाला, वळला, भोकाच्या शेवग्याकडच्या काठाला चाटून चार बोटं पुढं जाऊन बसला. बुधीनं कपाळावर हात मारला. नलूनं पदर नीट केला आणि ती घराकडं वळली.

साहेब म्हणाले, "उतार मी बरोबर वाचला होता. तुझं मन हललं." आणि सोमवारी फळ्यावर हुकूम लागला: बळवंतला वर्षभर रात्रपाळी. का? तर तिथं शांतता असते, डोकं शांत राहील! बळवंत हात जोडून म्हणाला, "साहेब, रात्री तिथं कॉम्प्रेसर कोकलतो हो."

"त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही."

आता बोला! कॉम्प्रेसरकडे लक्ष द्यायलाच तर त्याला नोकरीवर ठेवलंय!